ऑफिसला सायकलने जायला आत्तापेक्षा बरा रस्ता कसा शोधायचा?

चाकोरीबाहेर

एका बाजूचे अंतर ९ किमी. सुरुवातीचा दीड किमी वस्तीतला रस्ता, मग ६ किमी चौपदरी मुख्य रस्ता (वाहने ५० ते ६०च्या वेगात), शेवटचा दीड किमी कारखान्यांच्या भागातून. मुख्य रस्त्यावर ७ सिग्नल आणि एक उड्डाणपूल. वाहतूक डाव्या बाजूने. हायब्रिड सायकल, ७०० बाय ३५ टायर (३५ मिमी रुंद), सामान कॅरिअरवर. वेळ ३८ ते ५० मिनिटे. कुठल्या दिवशी किती लागेल त्याचा भरवसा नाही.

मुख्य रस्ता टाळायचा आहे. नकाशाच्या ॲपला 'गाडी' सांगितले की ते हाच रस्ता दाखवते. 'सायकल' सांगितले की साडेअकरा किमीचा वळसा, त्यात मधेच पायऱ्यांचा पादचारी पूल. हाताने शोधायचे तर सुरुवात कुठून करावी? कृपया पद्धत सांगा, नुसते 'आतल्या रस्त्याने जा' नको.

कडेकडेने

सुरुवात रस्त्यांपासून करू नका, अडथळ्यांपासून करा. घर आणि ऑफिस यांच्यामध्ये आडव्या येणाऱ्या गोष्टी नकाशावर ठळक करा: नदी किंवा नाला, रेल्वेमार्ग, मोठा हमरस्ता, भिंतीआड बंदिस्त असलेला मोठा परिसर. ९ किमीत असे दोनतीनच निघतात. प्रत्येकाला ओलांडायच्या जागा मोजा: पूल, भुयारी मार्ग, फाटक, सिग्नलचा चौक. त्याही सहसा तीनचारच असतात. म्हणजे खरी निवड दहाबारा जोड्यांमधली आहे. ओलांडायच्या जागा आधी ठरवा, मधले रस्ते नंतर आपोआप जुळतात. उलटे केले की छान शांत गल्ली सापडते आणि ती थेट रुळांच्या कुंपणाला जाऊन भिडते.

दुसरे म्हणजे सरासरी काढू नका. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी २०१२मध्ये वाहतुकीच्या ताणाच्या चार पातळ्या मांडल्या. पहिली लहान मुलांना झेपणारी, चौथी फक्त निर्ढावलेल्यांसाठी. त्यातला कामाचा नियम असा की मार्गाची पातळी त्याच्या सर्वांत वाईट तुकड्याची धरायची. आठ किमी निवांत आणि एक चौक भयंकर असेल तर तो मार्ग भयंकरच. तुमचा चौपदरी, ५०च्या वरचा, सायकलसाठी वेगळी जागा नसलेला रस्ता सरळ चौथ्या पातळीत जातो.

नकाशेवाला

कडेकडेने यांना +१. साधनांबद्दल थोडे सविस्तर.

ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) चालणारे काहीतरी वापरा, कारण तिथे रस्त्याचा पृष्ठभाग, दिवे, पायऱ्या, एकेरी वाहतूक अशा नोंदी तुम्हाला स्वतः बघता येतात. 'सायकलओएसएम' हा त्याचाच एक नकाशा, खास सायकलसाठी रंगवलेला. मार्ग काढायला 'ब्राउटर'चे वेबपान घ्या.

१. घर आणि ऑफिस टाकून 'ट्रेकिंग', 'फास्टबाइक' आणि 'सेफ्टी' या तिन्ही प्रोफाइलने (मार्ग निवडायचे तयार निकष) मार्ग काढा. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे बहुधा ओलांडण्याची एकमेव जागा असते. जिथे वेगळे होतात तिथे तुम्हाला निवड आहे.

२. 'ट्रेकिंग'मध्ये पायऱ्यांना परवानगी हा पर्याय मुळातच चालू असतो. तो बंद करा. तुमच्या ॲपने पादचारी पूल दाखवला त्यामागेही असेच काहीतरी असणार: एकतर त्याला पायऱ्या चालतात, नाहीतर त्या पुलावर पायऱ्यांची नोंदच नाही.

३. नको असलेल्या तुकड्यावर 'नो-गो' (इथून जायचे नाही) वर्तुळ काढा आणि पुन्हा मार्ग मागा. एकेक वर्तुळ वाढवत गेलात की दुसरा, तिसरा, चौथा पर्याय बाहेर येतो. वर्तुळ छोटे ठेवा, नाहीतर शेजारची चांगली गल्लीही त्यात अडकते.

४. उपग्रहाचे चित्र उघडून जोडणी तपासा. नकाशात जोडलेल्या दोन रेषांमध्ये प्रत्यक्षात भिंत, कुलूपबंद फाटक किंवा दोन मीटरची उंची असू शकते. उलटही घडते. मोटारींना बंद पण सायकल जाईल अशी फट बऱ्याचदा नकाशात नसते, आणि अशी एक फट अख्खा मार्ग बदलून टाकते.

चढाचे आकडे जपून वापरा. बरीच साधने एसआरटीएमची उंची वापरतात. ती २०००मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेली आहे, साधारण ३० मीटरच्या चौकटींत. रडारला झाडांचे शेंडे आणि छपरेही दिसतात. नंतर बांधलेला उड्डाणपूल त्यात नाही, आणि भुयारी मार्गाचा खड्डा दिसणे शक्यच नाही. सपाट रस्त्यावर करवतीसारखी रेघ दिसली तर तो मोजमापातला गोंगाट समजा, खरा चढउतार नव्हे.

स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपचा हीटमॅपही (जास्त वापराचे रस्ते उजळ दाखवणारा नकाशा) बघा, पण त्याचा अर्थ नीट लावा. राइड नोंदवणारेच त्यात दिसतात आणि त्यांत व्यायामाला निघालेले बरेच असतात. सुटीच्या दिवशी पहाटे रिकामा असलेला महामार्ग त्यात झगझगीत दिसतो. कामावर सायकलने जाणारे बहुसंख्य लोक काहीही नोंदवत नाहीत, त्यामुळे अंधारी गल्ली म्हणजे वाईट गल्ली नव्हे.

सरळरेषा

थोडे विरोधी मत. मुख्य रस्त्याची बदनामी जरा जास्तच होते. तिथे आडवे फाटे कमी, डांबर बरे, दिवे चालू, वाट बघावी लागते ती फक्त सिग्नलला. आतल्या रस्त्यावर दर ३० मीटरला फाटक, मागे न बघता बाहेर येणारी गाडी, दोन्ही बाजूंना उभ्या मोटारी आणि त्यांची दारे. डाव्या कडेला चिकटून न चालता लेनच्या मधोमध चाललात तर मागच्याला नीट ओलांडावे लागते.

कडेकडेने

@सरळरेषा, दारांचा मुद्दा मान्य. मोटारीचे दार साधारण एक मीटर उघडते, म्हणून उभ्या गाड्यांपासून हँडलच्या टोकाचे अंतर किमान सव्वा मीटर हवे. एवढी जागा सोडल्यावर समोरून येणारी गाडी बसणार नाही इतकी गल्ली अरुंद असेल, तर ती यादीतून काढाच.

पण लेनच्या मधोमध चालण्याचे गणित वेगाच्या फरकावर आहे. गल्लीत गाडी २५ने आणि तुम्ही १८ने. मागचा थांबू शकतो. मुख्य रस्त्यावर तो ६०ने, तुम्ही १८ने. फरक ४२ किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १२ मीटर. ५० मीटरवर तुमच्याकडे लक्ष गेले तर त्याच्या हातात चार सेकंद. उड्डाणपुलाच्या चढावर तुम्ही १०-१२वर आलात की तेही कमी. शिवाय ६०ची धडक ३०च्या धडकेच्या चौपट ऊर्जेची असते.

गल्लीतले धोके संख्येने जास्त, पण ब्रेक दाबून टळणारे. मुख्य रस्त्यावरचा धोका पाठीमागून येतो, त्यावर तुमच्या ब्रेकचा इलाज नाही.

सरळरेषा

हे पटण्यासारखे आहे. फक्त फाट्यांची संख्या मोजा एवढे म्हणेन. दोन आतल्या रस्त्यांत निवड असेल तर ज्याच्या डाव्या बाजूला फाटे आणि फाटके कमी (नाला, मैदान, लांब भिंत) तो घ्यावा.

जूल_न्यूटन

वळसा किती परवडतो त्याचे ढोबळ गणित. माणूस, सायकल, सामान मिळून ९० किलो, ताठ बसून २० किमी वेग, वारा नाही, बरा रस्ता. सुमारे १०० वॅट लागतात: हवेला ६० आणि टायरच्या घर्षणाला ४०. म्हणजे विरोध १८ न्यूटनचा.

१० मीटर चढ = ९० × ९.८ × १० = ८८०० जूल. भागिले १८ केले की ४९० मीटर. म्हणजे १० मीटर चढ टाळण्यासाठी अर्धा किमी सपाट वळसा घेतला तर मेहनत तेवढीच.

२०च्या वेगातून पूर्ण थांबून पुन्हा तोच वेग = १४०० जूल, म्हणजे ७७ मीटर सपाट. एकदा थांबणे किरकोळ, पण पंधरा गतिरोधक आणि चौक असले की जवळपास १.१५ किमीची भर पडते.

समोरून १० किमीचा वारा आणि वेग २०च ठेवायचा हट्ट = हवेचा खर्च ६०वरून १४० वॅटच्या आसपास. मोकळ्या मैदानातला मार्ग नकाशावर सुंदर दिसतो, पण वाऱ्याची नेहमीची दिशा विचारात घ्या. घरांच्या रांगेआडचा मार्ग थोडा लांब असूनही हलका जातो.

उड्डाणपूल साधारण साडेसहा मीटर उंच धरला तर तो ३२० मीटर सपाटीएवढा. त्यामुळे पूल टाळायचा तो दमण्यासाठी नव्हे. कारण कडेकडेने यांनी सांगितलेच आहे.

उतारावर यातला काही भाग परत मिळतो, पण उताराच्या तळाशी सिग्नल असेल तर सगळा ब्रेक-पॅडमध्ये जातो.

चाकोरीबाहेर

भरपूर मिळाले. अडथळे दोनच निघाले: रेल्वेमार्ग आणि तो मुख्य रस्ता स्वतः. ओलांडण्याच्या जागा धरून हे उरले:

अ) सध्याचा. ९ किमी, ७ सिग्नल, चढ ४८ मी.
ब) रुळांखालचा भुयारी मार्ग, पुढे नाल्याकाठचा रस्ता. १०.४ किमी, २ सिग्नल, चढ ३१ मी., पण गतिरोधक आणि थांबे मिळून १४. मुख्य रस्ता एकदा ओलांडावा लागतो, तिथे सिग्नल नाही, दुभाजकात फट आहे.
क) उत्तरेकडून मोठा वळसा. ११.१ किमी, चढ ६० मी., अगदी शांत.

ब बरा वाटतो. पण १.४ किमी जास्त म्हणजे रोज पाच मिनिटे उशीर ना?

लालपिवळा

नाही. सिग्नलचा हिशेब करा. लाल दिवा र सेकंद आणि पूर्ण चक्र च सेकंद असेल, तर कधीही पोहोचणाऱ्याची सरासरी वाट = र चा वर्ग ÷ (२ × च). लाल ८०, चक्र १२० धरले तर ६४०० ÷ २४० = २७ सेकंद. सातांचे मिळून सरासरी ३ मिनिटे. पण वाईट दिवशी सातही लाल लागले तर ९ मिनिटे २० सेकंद, आणि चांगल्या दिवशी शून्य. तुमच्या ३८ ते ५०मधली बरीचशी तफावत इथे आहे.

ब मध्ये दोनच सिग्नल, म्हणजे जास्तीत जास्त २ मिनिटे ४० सेकंद. जादा १.४ किमीला १८च्या वेगाने ४ मिनिटे ४० सेकंद लागतात. सरासरीला ब अडीच मिनिटांनी हळू. वाईटातल्या वाईट दिवशी मात्र ब दोन मिनिटांनी लवकर. निघायची वेळ तुम्ही वाईट दिवसावरूनच ठरवता, त्यामुळे घरातून निघणे उशिरा करता येईल, लवकर नव्हे.

चक्राचे आकडे प्रत्यक्ष चौकात उभे राहून घ्या, तेही कामाच्या वेळेत. बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या वेळी चक्र लांबते. लाल १५० आणि चक्र १८० असेल तर एकाच सिग्नलची सरासरी वाट ६२ सेकंद होते, म्हणजे असा एक चौक टाळण्यासाठी ३०० मीटरचा वळसा वेळेत फुकट पडतो.

अवांतर: आतल्या रस्त्याचा सिग्नल जमिनीतल्या तारांच्या वेटोळ्यावर चालणारा असेल तर सायकल त्याला कधीकधी कळत नाही आणि दिवा बदलतच नाही. डांबरात कापलेली चौकोनी रेघ दिसते. तिच्या बरोबर वर दोन्ही चाके उभी करा, चौकोनाच्या मध्यात नको.

कडेकडेने

ब चे सगळे भवितव्य त्या दुभाजकातल्या फटीवर आहे. दोन गोष्टी मोजा.

पहिली, फटीत थांबायची जागा. सायकल १.८ मीटर लांब, म्हणून दुभाजकाची रुंदी किमान २ मीटर, शक्यतो अडीच हवी. पुढचे किंवा मागचे चाक लेनमध्ये राहत असेल तर दोन टप्प्यांत ओलांडणे विसरा.

दुसरी, दिसण्याचे अंतर. एक बाजू ७ मीटर, अधिक सायकलची लांबी, म्हणजे ९ मीटर. उभ्याने निघून एवढे जायला पावणेपाच सेकंद, वर एक सेकंद ठरवण्यात. ६०ने येणारी गाडी तेवढ्यात ९५ मीटर येते. थांबण्याच्या जागेवरून तेवढे स्पष्ट दिसले पाहिजे. झाड, जाहिरातीचा फलक, उभा टेम्पो मधे नको. दुभाजकात थांबता येत नसेल तर १४ मीटर अधिक सायकलची लांबी एका दमात, ठरवण्याचा सेकंद धरून सव्वासात सेकंद, गाडी १२० मीटर, आणि तेही दोन्ही बाजूंना एकाच वेळी मोकळे. गर्दीच्या वेळी असा मोकळा क्षण मिळत नाही. माणूस कंटाळतो आणि अर्धवट जागेत घुसतो. ओलांडण्याचे अपघात होतात ते असे.

जमत नसेल तर जवळचा पादचारी सिग्नल शोधा, उतरून सायकल हातात धरून ओलांडा. १५० मीटर बाजूला असला तरी एखादे मिनिट जाईल, फार नाही.

चाकोरीबाहेर

दुभाजक दीड मीटरचाच आहे. पादचारी सिग्नल १८० मीटरवर आहे, पण तिथपर्यंत मुख्य रस्त्यावरूनच जावे लागेल, दिशा वाहतुकीचीच.

कडेकडेने

मग तो घ्या. डावीकडून निघून डावीकडेच राहायचे, सिग्नलला उतरायचे. १८० मीटर डाव्या कडेने जाणे आणि बिनसिग्नलचा रस्ता ओलांडणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. फक्त त्या १८० मीटरमध्ये डावीकडे वळणारा फाटा असेल तर तुम्हाला ओलांडून लगेच डावीकडे कापणाऱ्या गाड्या सांभाळा. फाट्याच्या २० मीटर आधी हात दाखवून लेनच्या मध्यात या, फाटा गेला की परत कडेला. ट्रक किंवा बस असेल तर तिच्या डाव्या बाजूला कधीच थांबू नका, तिथले ड्रायव्हरला दिसत नाही. मागेच राहा.

पंक्चरपेटी

पृष्ठभागाकडे कुणीच वळले नाही म्हणून. ब चा मार्ग आधी सुटीच्या दिवशी सकाळी हळू जाऊन बघा, डोळे जमिनीवर ठेवून. बघायचे ते असे:

चेंबरची आणि गटाराची जाळी. फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर ३५चा टायर कदाचित वाचेल, २५चा आत जाईल. रूळ ओलांडायचे असतील तर काटकोनाच्या जवळ, ६० अंशांपेक्षा कमी कोनात नको. ओल्यात तर हमखास चाक सटकते. लोखंडी झाकणे आणि रंगाचे पट्टे ओले झाले की वळण आणि ब्रेक दोन्ही बाद. त्यामुळे वळणावरच झाकण असलेला चौक पावसात वेगळा धरा.

भुयारी मार्ग म्हणजे पाणी साचणारच. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली झाकण उघडे आहे की नाही ते दिसत नाही. म्हणून ब ला पावसाचा पर्याय आत्ताच ठरवून ठेवा. क कदाचित त्यासाठीच आहे.

रस्ता खडबडीत असेल तर मार्ग सोडण्याआधी टायरमधली हवा बघा. ७०० बाय ३५ला ८० पीएसआय भरून लोक रस्त्याला शिव्या देतात. ९० किलो एकूण वजनाला मागे ५५-६०, पुढे ५-६ कमी, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून. त्याहून कमी केलेत तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमवर आपटून दोन समांतर भोके पडतात. काट्याचे पंक्चर एकच भोक असते, त्यावरून कारण ओळखता येते.

लालपिवळा

चाचणीबद्दल एक. ॲपमधला 'ऑटो-पॉज' बंद करा. तो चालू असला की थांबलेला वेळ गळून जातो आणि सिग्नलांनी भरलेला मार्ग कागदावर वेगवान दिसतो. आपल्याला दारापासून दारापर्यंतचा वेळ हवा. दोन आठवडे आलटून पालटून अ आणि ब करा. सरासरी नव्हे, मधला आकडा आणि सर्वांत वाईट आकडा लिहा. पहिल्या दोनतीन फेऱ्या धरू नका, रस्ता शोधण्यातच वेळ जातो.

नकाशेवाला

येतानाचा मार्ग वेगळा काढा. तोच उलटा चालेल असे गृहीत धरू नका. एकेरी रस्ते, उजवी वळणे, चढ आणि उजेड, चारही बदलतात. जाताना सोपे डावे वळण असते ते येताना चार लेन कापून उजवे होते. अशा वळणाला दोन टप्पे करा: सरळ पुढे जाऊन पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल फिरवा, आडव्या दिशेचा हिरवा लागला की निघा.

सूर्य. सकाळी पूर्वेकडे जात असाल तर तुमच्या मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तोच सूर्य आहे, त्याला तुम्ही दिसत नाही. सूर्य पाठीशी असेल तर समोरून येऊन वळणाऱ्याला दिसत नाही, आणि तुम्हाला मात्र सगळे लख्ख दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही. सूर्य अगदी खाली असलेल्या आठवड्यांत निघायची वेळ १५-२० मिनिटे हलवणे हा मार्ग बदलण्याहून सोपा उपाय.

नाल्याकाठी दिवे आहेत का? २०च्या वेगात भान यायला दीड सेकंद आणि कोरड्यात ब्रेक मिळून १३ मीटर लागतात, ओल्यात १६. भुयाराकडच्या उतारावर ३५ गाठलेत तर २८ मीटर. दिव्याचा झोत तेवढा पोहोचत नसेल तर वेग कमी करा किंवा संध्याकाळी दुसरा रस्ता.

चाकोरीबाहेर

नाल्याकाठी मधल्या ६०० मीटरला दिवे नाहीत. येताना तेवढा तुकडा शेजारच्या वस्तीतून काढतो, २५० मीटर वाढतील. सगळ्यांचे आभार. ब ची जीपीएक्स (मार्गाच्या नोंदीची) फाइल इथे चढवू का? त्या बाजूच्या इतरांना उपयोग होईल.

नकाशेवाला

जरूर, पण आधी दोन्ही टोके किमान ३००-४०० मीटर कापा आणि वेळेचे ठसे काढून टाका. रोज ठराविक वेळी सायकल कुठून निघते आणि कुठे उभी राहते हे फाइलमध्ये सरळ दिसते. रेकॉर्ड केलेल्या फाइलऐवजी ब्राउटरमध्ये तोच मार्ग पुन्हा आखून निर्यात केलात तर वेळ मुळातच नसतो. आणि नाल्याकाठचा पृष्ठभाग, बंद दिवे, पादचारी पुलाच्या पायऱ्या यांच्या नोंदी ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. 'स्ट्रीटकम्प्लीट' ॲप रस्त्यात उभे राहून प्रश्न विचारते, उत्तर टिचकीसरशी जाते. पुढच्या माणसाला ॲप पायऱ्यांवर नेणार नाही.